सचिवाने गावातच राहावे

आमच्या वस्तीत युवक मंडळ निघालं तेव्हा पहिल्या महिन्यात त्याच्याकडे तीन वस्तू होत्या: एक फ्लेक्स, एक रबरी शिक्का आणि एक प्लास्टिकची खुर्ची. पुस्तक एकही नव्हतं. मंडळ अभ्यासिका चालवण्यासाठी काढलं होतं.

मी त्या मंडळाची सल्लागार. हे पद मी मागितलेलं नाही. गावातलं पोस्ट माझ्या घराच्या पुढच्या खोलीत आहे आणि मी तिथली डाकपाल आहे. माझं अक्षर वाचता येतं, आणि मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे मला भरपूर वेळ असतो असा गावाचा समज आहे. तो समज दूर करायला जेवढा वेळ लागेल तेवढा माझ्याकडे नाही, म्हणून मी सल्लागार झाले.

गाव माजलगाव आणि सिरसाळ्याच्या मधलं. नावं कुणाचीच घेत नाही. तशीही त्या वर्षापासून वस्तीत माणसं एकमेकांना पदानेच हाक मारतात. अध्यक्ष हा माझ्या चुलतभावाचा मुलगा, वय बावीस, पोलीस भरतीच्या धावण्यात दोनदा थोडक्यात मागे पडलेला. धावण्यात गेलेलं सगळं त्याला मंडळात भरून काढायचं होतं. समाजमंदिरात लोकांनी ठेवलेला कडबा, मांडवाचे बांबू आणि एक बंद पडलेला फवारणी पंप त्याने चार पोरांना घेऊन बाहेर काढला. एवढं काम आधीच्या वीस वर्षांत कुणी केलं नव्हतं, हे मान्य केलं पाहिजे. कडबा कुणाचा यावरून जी भांडणं झाली तीही त्यानेच मिटवली, म्हणजे कडबा आपला म्हणणाऱ्या तिघांनाही कार्यकारिणीत घेतलं.

अकरा जणांची कार्यकारिणी झाली. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, प्रसिद्धीप्रमुख, असं करत दहा पदं पटापट भरली. सचिव व्हायला कुणी तयार होईना, कारण सचिवाला लिहावं लागतं. तेवढ्यात दहावीतली एक मुलगी समाजमंदिराच्या दारात आली आणि अभ्यासिका कधी उघडणार म्हणून विचारू लागली. अध्यक्षाने तिला आत बोलावलं, रजिस्टर हातात दिलं आणि टाळ्या वाजवल्या. ती उत्तर न मिळताच सचिव झाली.

मग घटना लिहायला घेतली. आमची वस्ती बौद्धांची. घटना हा शब्द आमच्याकडे कुणी सहज म्हणून तोंडात घेत नाही. घरोघर तिची प्रत आहे आणि ती रेशनकार्डापेक्षा नीट जपलेली असते. दुसरी मंडळं नियमावलीचा एक कागद कुठून तरी उतरवून घेतात आणि कामाला लागतात. आम्हाला पाच आठवडे लागले. नुसत्या प्रास्ताविकेवर दोन बैठका झाल्या. प्रत्येक कलम मोठ्याने वाचायचं, त्यावर बोलायचं, हात वर करून मंजूर करायचं. वडीलधारी माणसं दाराशी चपलांजवळ बसून ऐकत. सचिवाचे वडीलही तिथेच बसत. पाच आठवड्यांत ते एक शब्द बोलले नाहीत, पण एक बैठकही त्यांनी चुकवली नाही.

नववं कलम वास्तव्याचं. त्याला मीच कारणीभूत आहे. वस्तीतला एक मुलगा पुण्यात कंपनीत लागला होता आणि तिथून रोज व्हॉट्सॲपवर मंडळाला मार्गदर्शन करत होता. पुण्यात बसून तो अध्यक्ष होतो की काय, अशी आमच्या अध्यक्षाला धास्ती पडली. त्या दिवसांत मी सहज बोलून गेले की डाकपालाला त्याच गावात राहावं लागतं, तसा पोस्टाचा नियमच आहे. अध्यक्षाच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं ते मला दिसलं होतं. दुसऱ्या दिवशी कलम तयार: ‘प्रत्येक पदाधिकाऱ्याने वर्षाचे बारा महिने गावात वास्तव्य करणे बंधनकारक राहील. अन्यथा पद आपोआप रद्द होईल.’

टाळ्यांच्या गजरात मंजूर झालं. अकराही जणांनी सह्या केल्या. मी शुद्धलेखन तपासलं.

आमच्या भागात धरण आहे, ऊस आहे, साखर कारखाने आहेत, आणि दिवाळी आली की आमच्या वस्तीतली निम्म्याहून जास्त माणसं ऊस तोडायला कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात जातात. परत येतात ती होळीच्या आसपास. कार्यकारिणीतल्या अकरांपैकी दहा जण दर वर्षी जातात. नववं कलम मंजूर करताना हे त्या खोलीत एकालाही आठवलं नाही. मलाही नाही, आणि मी तर त्यांची पत्रं पाठवणारी बाई. पण यात विसरण्यासारखंच काहीतरी आहे. सहा महिने ही माणसं फडावरच्या पाचटाच्या कोपीत काढतात, पण त्याला कुणी राहणं म्हणत नाही. कुठं राहता म्हणून विचारलं तर फडात उभं राहूनसुद्धा गावाचंच नाव सांगतात.

दसऱ्याच्या आधी मुकादम टोळ्या ठरवायला गावात आला. त्याच आठवड्यात सचिवाने बैठकीत घटना पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवली. नवव्या कलमावर ती थांबली. 

“आत्या,” अध्यक्ष मला म्हणाला, “तुमी कावून न्हाई सांगितलं?”

“तू विचारलंस का?” मी म्हणाले.

दिवाळी उलटताच घटनेप्रमाणे मंडळ संपणार होतं. त्याचं मला विशेष दुःख झालं नाही. मला सभा आवडत नाहीत.

दोन दिवसांनी सकाळी सचिव पोस्टात आली. रजिस्टर टेबलावर ठेवून म्हणाली, “आत्या, हे तुमच्यापाशी ठेवा. मी बी चाललेय.”

गेल्या वर्षी आईबाप तोडीला गेले तेव्हा ती मामाकडे राहिली होती. यंदा मामाचा कोयता झाला होता. आमच्याकडे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. लग्न झालं की मामाही जोडीने टोळीत. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह असतं, पण ते आठवीपर्यंत. आणि घरात आषाढात जन्मलेला भाऊ होता. आई मोळ्या बांधणार तर त्याला कोपीत कुणीतरी धरायला हवं. हे सगळं तिने मला तिकीट मागावं तशा आवाजात सांगितलं. परीक्षेचं काय, मी विचारलं. ती म्हणाली, पुस्तकं सोबत नेईन.

फडावर नेलेल्या पुस्तकांचं काय होतं ते मला माहीत आहे. मी पोस्टाला कडी लावली आणि तिच्या घरी गेले. वडील अंगणात कोयत्याला मूठ बसवत होते.

“दादा, दहावी आहे तिची,” मी म्हणाले.

“म्हाईत हाय ताई.”

“मग?”

“पोरगं तीन महिन्याचं हाय. आन जवान पोर एकटी मागं ठेवली तर भाऊबंद काय म्हणतेल? आत्ताच म्हणायलेत, कशाला शिकवितो, तिचाच कोयता करून टाक.”

म्हणजे लग्न. पंधरा वर्षांच्या मुलीचं. ते हे माझ्याकडे न बघता बोलले आणि मुठीवर दगडाने ठोकत राहिले. कायदा, वय, पोलीस, सगळं मी त्यांना ऐकवलं. ते सगळ्याला हो म्हणाले. हो म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. मी परत आले आणि त्या दिवशीच्या टपालावर शिक्के मारले, जरा जोरात मारले.

घटनादुरुस्तीची बैठक रविवारी दुपारी झाली. अध्यक्षाने मसुदा आणला होता: ‘ऊसतोडीस जाणारे पदाधिकारी गावातच वास्तव्यास आहेत असे समजण्यात येईल.’ वकिलालाही सुचलं नसतं. सगळे हात वर जाणार एवढ्यात मी सल्लागार झाल्यापासून पहिला सल्ला दिला.

“त्यात दोन शब्द घाला,” मी म्हणाले. “सचिव वगळून.”

अध्यक्षाने माझ्याकडे पाहिलं, मग सचिवाकडे पाहिलं. त्याला मी अर्धवट समजत आले आहे, पण त्या दिवशी त्याला एका क्षणात कळलं. “बराबर हाय,” तो उभा राहून म्हणाला. “आपुन समदे गेल्यावर अभ्यासिका कोण उघडणार बे? सचिव वगळून. सचिवाने गावातच राहावे.” दहा हात वर गेले. सचिव खाली मान घालून स्वतःबद्दलचा ठराव लिहून घेत होती. तिचं अक्षर एरवी सरळ असतं, त्या पानावर ते ओळ सोडून खाली गेलंय.

तेव्हा दाराशी बसलेले तिचे वडील पहिल्यांदा बोलले.

“घटनेत हाय का आता ते?”

“हाय काका,” अध्यक्ष म्हणाला. “मंजूर झालं.”

“मंग मोडता येत न्हाई,” ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “ऱ्हाणार कुणापाशी?”

याचा विचार घटनेने केला नव्हता. दहा पदाधिकारी माझ्याकडे वळले. मी वडील गेल्यापासून एकटी राहते आणि मला ते आवडतं. घरात दुसऱ्या कुणी भांडं आपटलं तरी माझं डोकं दुखतं. “माझ्याकडे राहील,” मी म्हणाले. रागातच म्हणाले. राग नक्की कुणावर होता ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

आणि तान्ह्याला कोण बघणार? अध्यक्ष म्हणाला, आमची आई टोळीबरोबर भाकरी करायला असती, ती बघंल. आईला विचारलंस का, असं मी म्हटल्यावर तो लगेच विचारायला गेला आणि बराच वेळ परत आला नाही. पण शेवटी तिने बघितलं त्याला, आणि जीव लावून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सचिवाचे वडील पोस्टात आले. ठरावाची नक्कल पाहिजे म्हणाले, शिक्का मारून. मी मंडळाचा शिक्का मारला. “पोस्टाचा बी मारा,” ते म्हणाले. पोस्टाचा शिक्का असा मारता येत नाही आणि मी तो मारला नाही, हे इथे नमूद करून ठेवते. त्यांनी कागदाची चार वेळा घडी करून तो खिशात ठेवला.

गाड्या भरल्या त्या सकाळी सचिवाच्या आईने सगळं सामान चढेपर्यंत बाळाला तिच्याकडे दिलं होतं. ट्रक सुरू झाला तसं परत घेतलं. आई मला म्हणाली, “हिला भात लई लागतो.”  वस्तीत म्हातारी माणसं, शाळेतली पोरं, आम्ही दोघी आणि मंडळाचा फ्लेक्स राहिलो. फ्लेक्सवर दहा पदाधिकारी हात जोडून हसत होते.

आमचं पहिल्या आठवड्यात तीनदा भांडण झालं. ती मोठ्याने पाठ करायची. माझं घड्याळ तिने मला न विचारता पाच मिनिटं पुढे केलं. भात खरोखर लई लागायचा. रोज संध्याकाळी सहाला ती समाजमंदिर उघडायची. सात-आठ पोरं यायची आणि दोन म्हातारे यायचे, कारण तिथे दिवा चांगला होता. मग एके दिवशी पोस्टाने दोन जड खोकी आली. पुण्याच्या मुलाने, ज्याच्यासाठी नववं कलम झालं होतं, दहावी आणि भरतीची पुस्तकं पाठवली होती. मंडळाने त्याच्या अभिनंदनाचा ठराव केला. पद दिलं नाही.

बैठका फोनवर व्हायच्या. ऊस भरलेली गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर रांगेत उभी असली की अध्यक्ष व्हिडिओ कॉल करायचा. मागे उसाच्या मोळ्या, तोंडावर धूळ. “सभेला सुरुवात करतो,” तो म्हणायचा, आणि गाडीचा नंबर आला की सभा तहकूब. ज्या महिन्यात त्याचा फोन लागला नाही त्या महिन्याचं इतिवृत्त असं आहे: ‘आजच्या सभेस सचिव एकट्या हजर होत्या. सर्व विषय एकमताने मंजूर झाले.’ मी ते वाचून हसले. ती हसली नाही. तिने नियमाप्रमाणे लिहिलं होतं.

आईचा फोन आठवड्यातून एकदा यायचा. आई बाळाला कॅमेऱ्यासमोर धरायची. तो बसायला लागला, मग रांगायला लागला, मग त्याला दात आला. “परत दाखव,” ही म्हणायची. फोन ठेवला की बीजगणित घेऊन बसायची. मला बीजगणित येत नाही, म्हणून मी समोर बसून तूर निवडत असे.

संक्रांतीनंतर एकदा आईने फोन धरला आणि ही त्याला हाका मारत राहिली. बाळ अध्यक्षाच्या आईच्या पदराशी खेळत राहिलं, फोनकडे त्याने बघितलंच नाही. फोन ठेवून ही म्हणाली, “तो मला इसरला.” मग कपडे पिशवीत भरायला लागली. म्हणाली, मला जायचंय, नको मला परीक्षा.

 समजूत घालणं मला कधी जमलेलं नाही. मी म्हणाले, “पद सोडायचं तर राजीनामा कार्यकारिणीपुढे ठेवावा लागतो. कार्यकारिणी होळीनंतर येईल. तोवर तू सचिव आहेस.”

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. मीही रडले. मला वाटलं होतं मी तिच्यासाठी रडतेय, पण होळीनंतर ती जाणार हे त्या वाक्यात पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं होतं. मग आम्ही भात लावला.

शेवटचे दोन पेपर राहिले असताना टोळी परत आली. भाऊ तिला बघून किंचाळून रडला आणि आईच्या खांद्याला चिकटला. तिने पेपर दिले. तिसऱ्या दिवशी तो तिच्याकडे गेला, तोही तिच्या हातातल्या बिस्किटासाठी. ती पिशवी घेऊन आपल्या घरी गेली. तिचं घर माझ्या दारापासून चाळीस पावलांवर आहे. तरी मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

तिचे वडील कागद परत करायला आले. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला होता, घड्यांवर फाटला होता.

“लई कामाला आला,” ते म्हणाले. “फडावर जो तो इचारायचा, पोरगी कुठं ठिवली. कागद काढून दाखवायचो. घटनेत हाय म्हणायचो, गप व्हायचे. भाऊबंदाला बी दावला.”

मला राहवलं नाही. मी म्हणाले, “दादा, ते कलम पुण्याच्या पोराला अडवायला केलं होतं. त्याला तसा काही अर्थ नाही.”

“म्हाईत हाय की ताई. दाराशी मीच बसलतो.”

“मग कशाला पाळलं?”

 “मला न्यायचंच नव्हतं तिला,” ते म्हणाले. “पर नुसतं न्हाई म्हणलं तर माझं कोण ऐकतंय?”

मी त्यांच्याशी सहा महिने मनातल्या मनात भांडले होते. ते सगळं भांडण मला परत घ्यावं लागलं. त्यांना चहा दिला. कागद ते ठेवून जायला आले होते, पण जाताना परत खिशात घालून घेऊन गेले.

ती पास झाली. किती पडले हे तिने रजिस्टरमध्ये लिहिलंय, विषय क्रमांक एक म्हणून. आता माजलगावला अकरावीला जाते, रोज एसटीने. वस्तीत तिच्या कोयत्याचं नाव कुणी काढत नाही.

यंदा दसऱ्याच्या आधी, मुकादम येऊन गेल्यावर, गल्लीच्या टोकाची एक बाई सकाळी पोस्टात आली. मागे तिची मुलगी, नववीतली, दाराला धरून उभी.

“हिला सचिव करा,” बाई म्हणाली.

“सचिव आहे आपल्याकडे.”

“मंग दुसरं काय बी करा. शिपाई करा.”

“शिपायाचं पद नाही घटनेत,” मी म्हणाले.

“मंग घाला की,” ती म्हणाली. “गाड्या यायला अजून महिना हाय.” मुलगी खाली बघत होती. तिच्या मागे, रस्त्यावर, आणखी दोघीजणी आपापल्या मुलींना घेऊन उभ्या होत्या आणि पोस्टाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होत्या.

मी अध्यक्षाला फोन लावला आणि घटनादुरुस्तीची बैठक बोलवायला सांगितलं. मग आतल्या खोलीतला पलंग भिंतीला लावून जमिनीवर किती गाद्या मावतात ते मोजून पाहिलं. तीन मावत होत्या, आणि पलंग बाहेर काढला तर चार.